पंजाबने पाणी वाचवायला कायदा केला, त्याचा दिल्लीच्या धुराशी काय संबंध? सरकारी धोरणांचा मेळ बसला नाही की काय होतं, समजून घ्या

दरवर्षी ऑक्टोबर संपता संपता एकच बातमी येते. दिल्लीची हवा बिघडली, शाळा बंद, विमानं उशिरा, डोळे चुरचुरतायत. सोबत पंजाब-हरियाणातल्या पेटलेल्या शेतांचे फोटो फिरायला लागतात आणि सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक गट म्हणतो, शेतकऱ्यांना शिक्षा करा. दुसरा म्हणतो, शेतकऱ्यांवर खापर फोडू नका, दिल्लीच्या गाड्यांकडे बघा.

या भांडणात एक गोष्ट मागे राहते. नोव्हेंबरमधल्या या धुराचा एक धागा जातो २००९ मध्ये पंजाबने केलेल्या एका कायद्याकडे. हा कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता. उलट तो पर्यावरण वाचवण्यासाठीच होता, जमिनीखालचं पाणी वाचवण्यासाठी.

मग पाणी वाचवायला गेलेलं सरकार हवेत धूर वाढण्याला कारण कसं झालं? 'शाश्वत विकासासाठी धोरणांचा समन्वय' हे जड शब्द सरकारी अहवालात नेहमी असतात. त्यांचा खरा अर्थ या एका गोष्टीतून कळतो.

पंजाबात भात आलाच कसा?

पंजाबचा माणूस मुळात गव्हाची रोटी खाणारा. १९६०-६१ मध्ये तिथे भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आज हा आकडा ३० लाख हेक्टरच्या पुढे आहे.

हा बदल आपोआप झाला नाही. साठच्या दशकात देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेतून गहू मागवावा लागत होता. हरितक्रांतीत सरकारने पंजाबला नवी बियाणं दिली, खत दिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरेदीची हमी दिली. पिकवा, आम्ही हमीभावाने घेतो. केंद्र सरकार आज २२ पिकांचा हमीभाव जाहीर करतं. पण पंजाबात त्या भावाने मंडीत हमखास उचल होते ती मुख्यतः गहू आणि भात या दोनच पिकांची. मका, मूग यांचा भाव कागदावर असतो, घेणारा मिळेलच असं नाही.

शेतकऱ्याच्या जागी कोणीही असता तरी त्याने भातच लावला असता.

मग १९९७ मध्ये पंजाब सरकारने शेतीपंपांना मोफत वीज दिली. मधली काही वर्षं सोडली तर ती आजही चालू आहे. राज्यात सुमारे १४ लाख ट्यूबवेल आहेत. वीज फुकट असली की पंप किती तास चालला, हे मोजायचं कारणच उरत नाही.

परिणाम काय झाला? दरवर्षी जमिनीत जेवढं पाणी मुरतं आणि त्यातलं जेवढं उपसणं सुरक्षित मानलं जातं, त्याच्या दीडशे टक्क्यांहून जास्त उपसा पंजाबात होतो. म्हणजे शंभर रुपये पगार आणि दीडशेच्या वर खर्च. वरचे पैसे बँकेतल्या जुन्या ठेवीतून. ही ठेव हजारो वर्षांत साठलेली आहे.

धोक्याची सूचना फार आधी मिळाली होती. अर्थतज्ज्ञ सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने १९८६ मध्येच सांगितलं होतं की गहू-भाताखालचं २० टक्के क्षेत्र दुसऱ्या पिकांकडे वळवा. ते झालं नाही. पुढच्या वर्षांत भात वाढतच गेला.

२००९ चा कायदा काय होता?

मे महिन्यात पंजाबात पारा चाळिशीच्या पार असतो. पाऊस पोहोचायला जून संपतो. पण बरेच शेतकरी मेमध्येच भाताची लावणी करायचे. भर उन्हात खाचरात पाणी उभं ठेवायचं, म्हणजे त्यातलं खूपसं वाफ होऊनच जाणार. आणि हे सगळं पाणी जमिनीखालून उपसलेलं.

म्हणून सरकारने 'पंजाब प्रिझर्व्हेशन ऑफ सबसॉइल वॉटर अ‍ॅक्ट' आणला. नियम सोपा होता. १० मेच्या आधी भाताची रोपं टाकायची नाहीत आणि १० जूनच्या आधी लावणी करायची नाही. मोडलं तर हेक्टरी महिन्याला १० हजार रुपये दंड. हरियाणानेही त्याच वर्षी असाच कायदा केला. पुढे पंजाबने लावणीची तारीख आणखी लांबवली. २०१८ मध्ये तर ती २० जूनपर्यंत गेली.

पाण्याच्या खात्याच्या नजरेने पाहिलं तर यात काहीच चूक नाही. लावणी पावसाच्या जवळ नेली, बाष्पीभवन कमी झालं.

मग धूर कुठून आला?

लावणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते. पण गव्हाची पेरणी पुढे जात नाही. गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला नाही, तर मार्च-एप्रिलच्या उन्हाने दाणा बारीक राहतो आणि उतारा घटतो. म्हणजे एका बाजूने भात उशिरा निघतो आणि दुसऱ्या बाजूने गव्हाची तारीख ठरलेली. मधे शेतकऱ्याच्या हातात उरतात दोन-तीन आठवडे.

या दोन-तीन आठवड्यांत त्याला काय काय करायचं असतं?

• भात कापून मंडीत न्यायचा.
• शेतात उरलेली धसकटं आणि पेंढा, म्हणजे तिकडच्या भाषेत पराली, हटवायची.
• जमीन तयार करून गहू पेरायचा.

पंजाबात भाताचा पेंढा वर्षाला सुमारे दोन कोटी टन निघतो. कापणी कंबाइन हार्वेस्टरने होते. हे यंत्र दाणे काढून घेतं, पण धसकटं उभी ठेवतं आणि पेंढा शेतभर पसरवून जातं. हाताने कापायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. बासमती सोडला तर या पेंढ्यात सिलिका जास्त असते, त्यामुळे जनावरांसाठीही तो फारसा चालत नाही. राहता राहिली काडेपेटी. एक एकर साफ करायला खर्च शून्य.

पराली २००९ च्या आधीही जळत होती. कंबाइन आणि लांब मुदतीच्या भाताच्या जाती हीसुद्धा त्यामागची मोठी कारणं आहेत. पण कायद्याने त्यात एक गोष्ट बदलली, ती म्हणजे वेळ. आधी ऑक्टोबरभर विखुरलेल्या आगी आता ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच वेळी लागायला लागल्या. नेमका हाच काळ असा असतो की वारा मंदावतो, हवा गार होते आणि धूर वर न जाता जमिनीलगत अडकून राहतो.

'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासाने नेमकं हेच मोजलं. लावणी लांबवल्यानंतर आगींचा कळस सुमारे ३९ टक्क्यांनी वाढला आणि हवेतल्या पीएम २.५ या सूक्ष्म कणांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त झालं, असं संशोधकांना आढळलं.

दिल्लीच्या हवेला फक्त पराली जबाबदार नाही, हेही खरं. गाड्या, बांधकामाची धूळ, कारखाने, वीज केंद्रं यांचा भार वर्षभर असतो. पण आगीच्या दिवसांत पराली त्यात भर घालते आणि काही दिवशी तिचा वाटा एक तृतीयांशाच्याही पुढे जातो. धुराचा पहिला घास दिल्लीकर नसतात, ज्याचं शेत जळतंय त्याच्याच घरातली पोरं आणि म्हातारी माणसं असतात.

आणि पाण्याचं काय झालं? उपसा अजूनही दीडशे टक्क्यांच्या वरच आहे. कारण कायद्याने लावणीची तारीख बदलली. भाताची हमी आणि फुकट वीज तशीच राहिली.

नेमकं चुकलं कुठे?

प्रत्येक खात्याचा हिशेब वेगळा मांडून पाहा.

• अन्न खातं (केंद्र): देशाच्या रेशनसाठी तांदूळ हवा. पंजाबातून तो मिळतोय. काम फत्ते.
• ऊर्जा खातं (राज्य): शेतकऱ्याला वीज द्यायची. दिली. बिल हजारो कोटींचं, ते सरकार भरतं.
• पाणी आणि कृषी खातं (राज्य): उपसा कमी करायचा. लावणीची तारीख ठरवली.
• पर्यावरण खातं: आगी थांबवायच्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये पराली जाळायला बंदी केली.

प्रत्येक जण आपापल्या कागदावर पास आहे. पण या चारही धोरणांचा शेवट एकाच माणसाच्या बांधावर होतो. एक धोरण त्याला सांगतं भात लाव, दुसरं सांगतं पाणी हवं तेवढं घे, तिसरं सांगतं उशिरा लाव, चौथं सांगतं जाळलंस तर दंड. चार सासवांची एक सून, अशी त्याची गत.

यात राज्यघटनेची वाटणीही आहे. शेती आणि पाणी हे राज्याचे विषय. वीज केंद्र आणि राज्य दोघांचा. हमीभाव आणि धान्य खरेदी केंद्राच्या हातात. धूर मात्र कोणत्याच सूचीप्रमाणे वाहत नाही. तो पंजाबातून निघतो, हरियाणा ओलांडतो आणि दिल्लीत उतरतो.

'धोरणांचा मेळ' म्हणजे काय?

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २०३० पर्यंतची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं मान्य केली. त्यांच्याखाली १६९ लक्ष्यं आहेत. भूक संपवा, स्वच्छ पाणी द्या, स्वच्छ ऊर्जा द्या, हवामान सांभाळा वगैरे. त्यातलं १७.१४ क्रमांकाचं लक्ष्य फारसं कोणाला माहीत नसतं. ते एवढंच सांगतं की शाश्वत विकासासाठी धोरणांमधली सुसंगती वाढवा.

याचा अर्थ असा की एक उद्दिष्ट गाठताना दुसऱ्याच्या पायावर धोंडा पडत नाही ना, हे आधी तपासा. पंजाबात 'भूक संपवा' हे उद्दिष्ट 'पाणी वाचवा' याला आडवं गेलं आणि 'पाणी वाचवा' हे 'लोकांचं आरोग्य राखा' याला आडवं गेलं.

हा मेळ तीन बाजूंनी बसवावा लागतो.

१. खात्या-खात्यांत. वीज देणाऱ्याला पाण्याचा हिशेब माहीत हवा.
२. केंद्र, राज्य आणि गावात. दिल्लीत ठरलेल्या भावाचा परिणाम गावातल्या विहिरीवर होतो.
३. आज आणि उद्यात. आजच्या मतदाराला दिलेली सवलत वीस वर्षांनंतरचा माणूस कशी फेडणार?

तिसरी बाजू सगळ्यात अवघड, कारण उद्याच्या माणसाला आज मत नसतं.

जगात कोणी हे करून दाखवलंय का?

ब्रिटनमधल्या वेल्स या छोट्या प्रदेशाने २०१५ मध्ये एक वेगळाच कायदा केला. नाव 'वेल-बीइंग ऑफ फ्यूचर जनरेशन्स अ‍ॅक्ट', म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या भल्याचा कायदा. सरकार, नगरपालिका, आरोग्य मंडळं या सगळ्यांना त्याने सात समान उद्दिष्टं दिली. कोणताही निर्णय घेताना दूरचा परिणाम पाहणं आणि इतर संस्थांशी मिळून काम करणं बंधनकारक केलं. वर लक्ष ठेवायला पुढच्या पिढ्यांसाठी एक आयुक्तही नेमला.

याची कसोटी २०१९ मध्ये लागली. न्यूपोर्ट शहराजवळ एम-४ महामार्गावर वाहतूक तुंबते म्हणून बाहेरून नवा रस्ता काढायची मोठी योजना होती. खर्च सव्वाशे कोटी पौंडांहून जास्त. सार्वजनिक चौकशीत रस्ता करावा असाच निष्कर्ष निघाला होता. पण रस्ता जाणार होता ग्वेंट लेव्हल्स या पाणथळ भागातून. पुढच्या पिढ्यांच्या आयुक्तांनी या योजनेवर उघड टीका केली होती. अखेर वेल्सचे मुख्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी खर्च आणि पर्यावरणाची हानी ही कारणं देऊन ती रद्द केली. निर्णयावर टीकाही झाली, कोंडीत अडकणाऱ्यांची तक्रार आजही आहे. पण रस्ते, पर्यावरण आणि पैसा यांचा विचार एका टेबलावर झाला, तोही काम सुरू व्हायच्या आधी.

फिनलंडमध्ये शाश्वत विकासाचा राष्ट्रीय आयोग १९९३ पासून आहे. त्यात मंत्र्यांसोबत उद्योग, कामगार संघटना, स्वयंसेवी संस्था बसतात. सरकार बदललं तरी तो मोडला गेला नाही.

भारतात काय आहे?

भारतात या १७ उद्दिष्टांचं काम नीती आयोगाकडे आहे. २०१८ पासून आयोग राज्यांची गुणवारी काढतो. पहिल्या यादीत देशाला शंभरपैकी ५७ गुण होते, २०२३-२४ च्या यादीत ७१ झाले. यामुळे राज्यांत चुरस वाढली, हा फायदा. पण गुणपत्रिकेत प्रत्येक विषयाचे गुण वेगळे दिसतात. एका विषयात गुण मिळवताना दुसऱ्याचं किती नुकसान केलं, हे त्यात सहज दिसत नाही.

पराली आणि दिल्लीच्या हवेसाठी मात्र वेगळी यंत्रणा उभी राहिली. २०२० मध्ये अध्यादेशाने आणि २०२१ मध्ये संसदेच्या कायद्याने हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन झाला. दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश असा पाच राज्यांचा पट्टा त्याच्याखाली येतो. राज्याचा आणि आयोगाचा आदेश वेगळा असेल तर आयोगाचा चालतो. हवेला राज्याची सीमा नसते, हे कायद्याने मान्य केलं.

सोबत इतर चाकंही फिरवली गेली.

• २०१८ पासून केंद्राची यंत्रांसाठी अनुदान योजना आहे. हॅपी सीडरसारखं यंत्र धसकटं न जाळताच गहू पेरतं. एकट्या शेतकऱ्याला ५० टक्के, तर भाड्याने यंत्र देणाऱ्या केंद्रांना आणि सहकारी संस्थांना ८० टक्के अनुदान ठरलं.
• पेंढ्याच्या कांड्या करून औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत जाळायचा नियम झाला.
• पंजाब कृषी विद्यापीठाने पीआर १२६ ही लवकर निघणारी भाताची जात दिली. पुसा ४४ ही जुनी जात तयार व्हायला साधारण १६० दिवस घेते, ही सव्वाशे दिवसांच्या आत निघते. म्हणजे लावणी उशिरा करूनही हातात महिनाभर उरतो.
• हरियाणाने २०२० मध्ये भात सोडून दुसरं पीक घेणाऱ्याला एकरी ७ हजार रुपये देऊ केले.
• पंजाबने २०१८ मध्ये 'पानी बचाओ, पैसा कमाओ' योजना आणली. ठरलेल्या कोट्यातली वाचवलेली प्रत्येक युनिट वीज, त्याचे ४ रुपये शेतकऱ्याला.

यातला पीआर १२६ चा उपाय बघा. तो पाण्याच्या कायद्याला धक्का लावत नाही, गव्हाची तारीख मोडत नाही आणि आगीचं कारणच काढून घेतो. मेळ बसलेलं धोरण असं असतं. तरी त्यालाही अडचणी आल्याच. शेतकऱ्याला पुसा ४४ चा जास्त उतारा सोडवत नव्हता आणि गिरणीवाल्यांनी तांदूळ कमी पडतो अशी तक्रार केली.

मग फरक पडला का?

उपग्रहांच्या नोंदीप्रमाणे पंजाबात २०२० च्या हंगामात सुमारे ८३ हजार आगी होत्या. २०२३ मध्ये त्या सुमारे ३६ हजारांवर आल्या आणि २०२४ मध्ये ११ हजारांच्या आत.

आकडा सुखावणारा आहे, पण एक मेख आहे. हे उपग्रह दुपारच्या ठरावीक वेळी वरून जातात. काही शेतकरी आता संध्याकाळी जाळतात, असं काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे आगी कमी झाल्या असतीलही, पण नेमक्या किती, हे मोजण्याच्या वेळेवर अवलंबून आहे.

दंडही वाढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दुप्पट झाला. दोन एकरांपेक्षा कमी जमीन असणाऱ्याला ५ हजार, पाच एकरांपुढच्याला ३० हजार. पण ज्याला यंत्र वेळेवर भाड्याने मिळालं नाही, त्या छोट्या शेतकऱ्याला हा दंड न्याय वाटणार नाही. मूळ गाठ अजून तशीच आहे. भाताची हमी पक्की आहे, वीज फुकट आहे आणि दुसऱ्या पिकाला तशी हमी नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यायचं?

पंजाबात भात आहे, तसा महाराष्ट्रात ऊस. उसाला केंद्राने ठरवलेला एफआरपी आहे, घेणारा कारखाना आहे. तुरीला, कांद्याला अशी खात्री नाही. म्हणून दुष्काळी पट्ट्यातही ऊस उभा राहतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे अजून कोणी विसरलेलं नाही.

२०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देणारी बळीराजा योजना आणली. बिलाच्या ओझ्याखालच्या शेतकऱ्याला हा दिलासाच आहे. पण पंजाबने हाच रस्ता १९९७ मध्ये धरला होता आणि तो कुठे गेला, ते समोर आहे. विजेची सवलत देताना पाण्याचा हिशेब आणि कमी पाण्याच्या पिकाला भाव या दोन्ही गोष्टी सोबत आल्या नाहीत, तर विहिरीचा तळ लवकर दिसतो.

उलटं उदाहरणही आपल्याकडेच आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलं त्यात कोणतं पीक घ्यायचं, हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि भरपूर पाणी पिणारी पिकं टाळायची, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. तिथे पाणी, पीक, चारा, जंगल यांची वेगवेगळी खाती नाहीत. एकच ग्रामसभा, एकच हिशेब.

राज्य किंवा देश चालवणं गाव चालवण्याइतकं सोपं नाही, हे उघड आहे. पण तत्त्व तेच आहे.

त्यामुळे यापुढे एखादी नवी योजना जाहीर झाली, की ती फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा. यामुळे माणूस काय जास्त वापरेल? त्याचा भार दुसऱ्या कोणावर, कुठे पडेल? आणि तो भार बघणारं खातं या बैठकीला होतं का?

२००९ मध्ये पंजाबात लावणीची तारीख ठरवताना कोणी हवेचा विचार करणारा माणूस समोर बसवला असता, तर कमी दिवसांच्या भाताचं बियाणं कदाचित कायद्यासोबतच आलं असतं. ते यायला पुढची बरीच वर्षं गेली. तेवढे हिवाळे लोकांनी धूर खाल्ला.